पंचनाम्यात न येणारी माती

अतिवृष्टीच्या पंचनाम्यांतून ‘खरडून गेलेली जमीन’ हा शब्द आता आपल्या चांगला ओळखीचा झाला आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात ओढ्याकाठची आणि नदीकाठची कित्येक वावरे पिकासकट आणि मातीसकट नाहीशी झाली. खाली उघडा मुरूम तेवढा राहिला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत खर्च, असा हिशेब होता. ही मदत पुरेशी होती की अपुरी, कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हा वाद निराळा आहे आणि तो गावोगावच्या पारावर रंगलेला आहे. पीक बुडाले म्हणून नव्हे, तर माती गेली म्हणून पैसा द्यावा लागतो, ही गोष्ट मात्र सर्वांच्या ध्यानी आली, हे बरे झाले.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, एका रात्रीत गेलेल्या मातीचा पंचनामा होतो. जी माती दर पावसाळ्यात नखाच्या जाडीने, गाजावाजा न करता जाते, तिचा पंचनामा कोण करणार? तलाठी येत नाही, कृषी सहायक येत नाही आणि खरे सांगायचे तर शेताचा धनीही तिकडे बघत नाही. माझे म्हणणे असे आहे की माहूरच्या परिसरातील जमिनीचा मुख्य आजार हाच आहे. जमिनीचे आरोग्य म्हणून आपण जे काही हल्ली मोजतो, त्यात नेमका हा आजार सुटून जातो.

थोडा हिशेब मांडून पाहू. कलाशाखेच्या मुलांना आकडेमोडीचे वावडे असते, असा विज्ञानशाखेतील मित्रांचा समज आहे. तो या निमित्ताने दूर झाला तर उत्तमच. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावरून अवघा एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला तर चार घनमीटर माती गेली. मुरूम-रेतीचा व्यवहार आपल्याकडे ब्रासने चालतो. त्या मापाने ही जवळजवळ दीड ब्रास होते आणि वजन पाच टनांच्या वर भरते. कोणी रात्री ट्रॉली लावून आपल्या वावरातली दीड ब्रास माती उचलून नेली, तर आपण सकाळी पोलीस पाटलाच्या दारात उभे राहू. तीच माती पावसाने नेली, तर ‘औंदा पाऊस बरा झाला’ असे म्हणून मोकळे होतो!

ध्रुवनारायण आणि रामबाबू या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ साली भारतातील जमिनीच्या धुपेचा एक अंदाज मांडला होता. तो अजूनही जिकडेतिकडे उद्धृत होतो. त्यानुसार देशात दर हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी अधिक माती दरवर्षी जागची हलते. एकराच्या भाषेत बोलायचे तर साडेसहा टन. ही झाली साऱ्या देशाची सरासरी. तीत गंगेकाठची सपाट रानेही आली. आपला मुलूख कसा आहे? रेणुकामातेच्या गडावरून किंवा दत्तशिखरावरून खाली नजर टाकली की सपाट असे रान फार थोडे दिसते. डोंगर, त्याच्या सोंडा, सोंडांच्या मधून उतरणारे नाले आणि त्या उतारांवर चढत गेलेली शेते. शिवाय मराठवाड्याच्या इतर भागांच्या मानाने माहूर-किनवटकडे पाऊस जास्त. उतार आणि पाऊस एकत्र आल्यावर जे व्हायचे ते होते. पावसाळ्यात पैनगंगेच्या पुलावर उभे राहून पाण्याचा रंग पाहावा. तो रंग आपल्या वावराचा आहे. ही माती पैनगंगेतून वर्धेत जाते, वर्धेतून प्राणहितेत आणि प्राणहितेतून गोदावरीत. गोदावरी तर आपल्या नांदेड शहरावरूनच वाहते. पण माहूरची माती नांदेडला वळसा घालून, विदर्भ फिरून, दूर खाली तिला जाऊन मिळते.

कोणी म्हणेल, मातीबरोबर जे खत गेले ते पोत्यातून परत घालता येते. खरे आहे. वर सांगितलेल्या पाच टन मातीत नत्र असून असून किती असणार? दोन-अडीच किलो. पाच-सहा किलो युरियाने ती तूट भरून निघेल. खोली मात्र कोणत्याही दुकानात पोत्याने मिळत नाही आणि कोरडवाहू शेतीत खोली हेच सर्वस्व आहे. चांगली काळी माती एका सेंटिमीटर खोलीत पिकाला घेता येईल असे दीड ते दोन मिलिमीटर पाणी धरून ठेवते. भर वाढीतले पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे ज्या वावरात ४५ सेंटिमीटर माती आहे, तेथे पावसाने दडी मारली तरी पीक अठरा-एक दिवस तग धरते. ज्या बरडावर १५ सेंटिमीटर माती उरली आहे, तेथे सहाव्या-सातव्या दिवशी पाने माना टाकतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने केवढी ओढ दिली होती, हे आठवून पाहा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता. त्या महिन्यात एकाच शिवारात, एकाच पावसावर, खालच्या अंगाचे सोयाबीन हिरवे आणि वरच्या अंगाचे करपलेले, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याला दैव म्हणण्याची आपली रीत आहे. ते दैव नव्हते, ती मातीची खोली होती.

आता मृदा आरोग्य पत्रिकेकडे वळू. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे ही योजना सुरू झाली आणि पुढे घरोघर पत्रिका आल्या. आमच्याही घरी आली. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलेली आहे. तीत बारा रकाने आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजना वाईट नाही. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असते, तर नत्र-स्फुरदाची आणि पुष्कळ ठिकाणी जस्त-लोहाची उणीव असते. हे कळले तर शेतकरी दुकानदाराच्या सांगण्यावरून नको ते खत विकत घेणार नाही. परंतु पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा, असा नियम होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्या डोंगरउतारावर पंचवीस एकरांत बरडही येते, मध्यम जमीनही येते आणि नाल्याकाठची कन्हारही येते. या तिघींची मिळून एक पत्रिका म्हणजे आजी, आई आणि नात यांची मिळून एक नाडी तपासण्यासारखे झाले.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. या बारा रकान्यांत माती किती खोल आहे, पाणी तिच्यात किती लवकर मुरते, ती दरवर्षी किती जाते, हे विचारणारा रकानाच नाही. नमुना घेण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे : पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा, त्याच्या कडेची माती, सात-आठ ठिकाणची मिसळून शेवटी अर्धा किलो. पण जेथे मुळात पंधरा सेंटिमीटरांखाली मुरूमच लागतो, तेथे खड्डा खणणाऱ्या माणसाला आजाराचे निदान फावड्याच्या टोकालाच झालेले असते. ते तो कागदावर लिहू शकत नाही, कारण तशी जागाच नाही. बारा रकान्यांपैकी सेंद्रिय कर्ब हा एकच मातीच्या जिवंतपणाविषयी काही बोलतो. आणि त्याची कहाणी तर अधिकच काळजी करण्यासारखी आहे.

ती कहाणी अशी. एके काळी आपल्याकडे ज्वारी मुख्य होती. ज्वारीबरोबर कडबा येई, कडब्यावर बैल पोसत, बैलांचे आणि गाईम्हशींचे शेण उकिरड्यात जाई आणि उकिरडा उन्हाळ्यात गाडीगाडीने वावरात पडे. ओळीत तूर, मूग, उडीद असत. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरे वावरात बसवून घेण्यासाठी शेतकरी त्यांना धान्य देत. ही काही स्वप्नातली सुबत्ता नव्हती. त्या काळी उपासमारही होती आणि १९७२ चा दुष्काळ याच शेतीने पाहिला. पण वावरातून जेवढे निघे, त्यातले बरेचसे फिरून वावरात येई. पुढे कापसाचे संकरित वाण आले. नांदेडच्या संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ तर १९८० च्या दशकापासून दूरवर गाजले. २००२ नंतर बीटी आले. त्याच सुमारास सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. पैसा हाती येऊ लागला, त्याबद्दल कोणी शेतकऱ्याला दोष देऊ नये. ज्वारी खाऊन मुलांची महाविद्यालयाची फी भरता आली नसती आणि मीही आज हा लेख लिहीत बसलो नसतो.

परंतु ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा महाग झाला म्हणून बैल विकले. पोळ्याला पूर्वी ज्या गल्लीत बैलांची रांग लागे, तेथे आता दोन-चार जोड्या दिसतात आणि बाकीच्या घरी मातीचे बैल पूजले जातात. बैल गेले म्हणून शेण गेले. शेण गेले म्हणून शेणखत ट्रॉलीच्या भावाने विकत घ्यायची वस्तू झाली. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आणि त्याबरोबर एक बारीकशी, पण घातक गोष्ट आली. ट्रॅक्टरवाल्याला वळणे कमी हवी असतात, कारण वळणात डिझेल जाते. म्हणून तो वावर लांबीच्या अंगाने नांगरतो, मग ती लांबी उताराच्या दिशेने असली तरी त्याला त्याचे सुखदुःख नाही. बैलाला चढ ओढताना त्रास होतो, म्हणून जुना शेतकरी आपसूक आडवा चाले. आता एका एका तासात पहिल्या पावसाला वाहायला नाली तयार मिळते. वर रोटाव्हेटरने माती पिठासारखी केलेली असते. मृगाचा पहिला सडकून पाऊस अशा रानावर पडला की काय होते, हे सांगायला नको.

या विषयावर आपल्या मराठीत फार लवकर लिहिले गेले आहे, याचा आपल्याला विसर पडतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. आपण तो ब्राह्मणेतर चळवळीचा आणि शेतकऱ्यांच्या दैन्याचा ग्रंथ म्हणून अभ्यासतो. परीक्षेत प्रश्नही तसाच येतो. पण त्यात मातीविषयीचा विचार किती बारीक आहे! डोंगरावरचा पालापाचोळा कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरत असे आणि जमीन सुपीक होत असे, ती सोय कशी बंद पडली, हे ते सांगतात. सरकारने आपल्या लष्करी शिपायांना व पोलिसांना कामाला लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग पुढे जाईल, असे ते सुचवतात. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८१ मध्ये, इंग्लंडात चार्ल्स डार्विनने गांडुळे माती कशी घडवतात यावर एक अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. एक पुण्यात, एक केंट परगण्यात; दोघांची नजर एकाच वेळी पायाखाली गेली, याचे मला कौतुक वाटते. मराठीच्या आणि इतिहासाच्या आमच्या प्राध्यापकांनी ‘असूड’मधील हा भाग वर्गात एकदा सविस्तर घ्यावा, ही नम्र विनंती.

फुल्यांनी सुचवलेले बांध पुढे झाले, पण शिपायांच्या हातून नव्हे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या बायाबापड्यांच्या हातून झाले. १९७२ च्या दुष्काळी कामांत आणि नंतर रोजगार हमी योजनेत (तिचा कायदा १९७७ चा) महाराष्ट्रभर समपातळी बांध, नाला बांध, पाझर तलाव झाले. त्या बांधांचे आज काय झाले? पुष्कळसे नांगराखाली गेले. धुरा कोरणे हा तर आपल्याकडील राष्ट्रीय खेळच! दरवर्षी वितभर धुरा इकडून कोरायचा, वितभर तिकडून. मग मोजणी, मग तहसील, मग कोर्ट. भाऊ भावाशी बोलत नाही. धुऱ्यावरून एवढी भांडणे होतात, पण त्यांत ‘धुरा गेला तर माती अडणार कशाने’ असा मुद्दा कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही. धुरा ही फक्त हद्द उरली. धरणात साचलेला गाळ उपसून शेतात टाकण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आली. ती चांगलीच आहे. बरडावर गाळ पडला तर ते नक्की सुधारते. (कन्हारीत टाकला तर मात्र ती अधिक चिबड होते, हे ट्रॉली भरण्याच्या घाईत लक्षात राहत नाही.) तरीही तो गाळ म्हणजे वरच्या कोणाच्या तरी वावराची कातडीच आहे. ती वरच अडली असती तर डिझेल वाचले असते.

पऱ्हाटीचेही असेच. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने कपाशी वेळेवर काढून टाका, असे कृषी खाते सांगते, ते योग्यच. शेतकरी ती उपटून धुऱ्यावर जाळतो. यावर उपाय नव्वद वर्षांपूर्वी निघाला होता आणि तो काढणाऱ्या दोघांपैकी एक मराठी माणूस होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. इंदूरच्या संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘इंदूर पद्धत’ ती हीच. पऱ्हाटीचा दांडा टणक, लवकर कुजत नाही, हा प्रश्न त्यांनाही पडला. तेव्हा त्यांनी पऱ्हाट्या संस्थेच्या रस्त्यावर पसरल्या; येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांनी त्यांचा भुसा केला आणि तो गोठ्यात अंथरून मग खड्ड्यात घातला. आज पऱ्हाटी बारीक करणारी यंत्रे आहेत. ती गावात एखादीच, आणि हंगामात सर्वांना एकाच आठवड्यात हवी, ही अडचण मला मान्य आहे. ग्रामपंचायतींनी सभामंडपावर सभामंडप बांधण्याऐवजी एक यंत्र घेतले तर काय बिघडेल?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याला हे सगळे समजावून सांगा. येथेच माझा मतभेद आहे. शेतकऱ्याला हे समजत नाही, असे मानणे हा शिकलेल्यांचा अहंकार आहे. उताराला आडवे पेरावे, धुऱ्यावर गवत ठेवावे, खत घालावे, हे आमच्या आजोबांना कोणत्याही मेळाव्यावाचून ठाऊक होते. मग ते होत का नाही? कारण ज्या हाताने नांगर धरला आहे, त्या हाताची ती जमीन नाही. आमच्याच घरात पाहा. माझे चुलते नोकरीनिमित्त बाहेरगावी. त्यांची सहा एकर मक्त्याने दिलेली असते. दर गुढीपाडव्याला सौदा, दर दोन वर्षांनी मक्तेदार नवा. का नवा? तर एकच माणूस वर्षानुवर्षे राहिला तर कूळ लागेल, ही भीती. मराठवाड्यात निजामी राज्यापाठोपाठ १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळावे हा त्याचा हेतू उदात्त होता आणि अनेकांना त्याने जमीन मिळवून दिली, हे विसरता कामा नये. पण आज त्याचा परिणाम असा दिसतो की मक्त्याचा सारा व्यवहार तोंडी चालतो, एका वर्षाचा चालतो, आणि सातबाऱ्यावर त्याचा मागमूस नसतो.

आता मला सांगा, ज्याला पुढच्या पाडव्याला ही जमीन आपल्याकडे राहील की नाही ठाऊक नाही, तो तीत शेणखत कशाला घालील? शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो. फुटलेला धुरा तो कशाला बांधील? तो वर्षाचा मक्ता चुकवून चार पैसे कसे उरतील हेच पाहणार. युरिया टाकणार, तणनाशक मारणार, पीक काढणार आणि निघून जाणार. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. धनी शहरात बसून मक्ता मोजतो, त्यालाही वावराकडे बघायला सवड नाही. धनी आणि कसणारा या दोघांच्या मधल्या फटीतून माती पैनगंगेत जाते. पत्रिकेतले बारा रकाने चोवीस केले तरी ही फट बुजणार नाही. २०१६ साली नीती आयोगाने शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला होता. धन्याची मालकी अबाधित राहावी आणि कसणाऱ्याला ठरलेल्या मुदतीची लेखी हमी मिळावी, असा त्याचा आशय. पाच वर्षांचा लेखी करार, आणि त्यात धुरे शाबूत ठेवण्याची अट कसणाऱ्यावर व शेणखताच्या निम्म्या खर्चाची अट धन्यावर, असे काही झाले तर मला वाटते की दहा मेळाव्यांहून अधिक काम होईल.

याची उलट बाजू आपल्याच तालुक्याच्या डोंगरांत दिसते. वनहक्क कायदा (२००६) झाल्यावर गोंड, कोलाम बांधवांना उतारावरील ज्या तुकड्यांचे पट्टे मिळाले, ते तुकडे हलकेच आहेत, दगडांनी भरलेले आहेत. पण जमीन आता आपली आहे आणि मुलांची राहणार आहे, हे कळल्यावर माणूस दगड वेचून ताल घालतो. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९९० च्या दशकात तेथे विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मंडळींनी इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम उभे केले. आधी डोंगरमाथा, मग उतार, मग शेताचे बांध, आणि सर्वांत शेवटी नाला, या क्रमाने. पुढे ते गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध झाले, पण द्राक्षे नंतरची; आधी बांध होते, आणि ते आपापल्या जमिनीचे धनी असलेल्या, वावरात राबणाऱ्या माणसांनी राखले होते.

नांगरणीच बंद करा, असे सांगणारी मंडळीही आता आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांची ‘सगुणा’ पद्धत भातासाठी निघाली आणि मराठवाड्यातील कापूस-सोयाबीनपर्यंत पोचली. कायमचे गादीवाफे, जुन्या पिकाची मुळे जमिनीतच, नांगर नाही. धूप थांबवण्याला हा विचार फार बळकट आहे. तणासाठी मात्र तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, ते माझ्या गळी उतरत नाही. पण निंदणीला मजूर मिळत नाहीत, हे ज्याला रोज भोगावे लागते त्याच्यापुढे माझ्या नापसंतीची किंमत ती काय!

राहता राहिले आपण. आपल्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, रसायने नाहीत, हे कारण या बाबतीत चालणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होते. गल्ल्या झाडतो, पथनाट्य करतो, शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, फोटो निघतात. त्यातले दोन दिवस मातीला द्यावेत. जे मोजायचे आहे, त्याला फावडे, फूटपट्टी, तळ काढलेला पत्र्याचा डबा आणि घड्याळ एवढेच लागते. एका वावरात वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला तीन खड्डे खणावेत आणि मुरूम किती सेंटिमीटरांवर लागला ते लिहावे. डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात मापून पाणी ओतावे आणि मुरायला किती मिनिटे लागली ते पाहावे. हे उन्हाळ्यात करू नये. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, पाणी क्षणात गडप होते आणि आकडा फसवा येतो. पाऊस पडून भेगा मिटल्यावर करावे. त्याच वेळी फावडाभर मातीत गांडुळे किती, मुळे सरळ खाली गेली आहेत की कडक थराला लागून आडवी वळली आहेत, हेही दिसते. आणि प्रत्येक वेळी तुलनेला धुऱ्यावरच्या गवताखालची माती घ्यावी, कारण तिला नांगर लागलेला नाही. वावरातल्या जुन्या कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याशी जावे. पूर्वी जमिनीत असलेली मुळे आता किती वर उघडी पडली आहेत ते मोजावे. झाडाचे वय घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. तेवढ्यावरून किती वर्षांत किती माती गेली, याचा ढोबळ आकडा मिळतो.

या कामात भूगोलाच्या विद्यार्थ्यांना उतार मोजता येईल, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मक्त्याचे करार कसे होतात ते विचारता येईल, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मातीला असलेले गावोगावचे शब्द टिपावेत. घटस्थापनेला आपल्या घरोघरी वावरातली काळी माती आणून तीत धान पेरतात आणि ते कसे उगवले यावरून म्हातारी माणसे हंगामाचे बोलतात. आपल्याकडे नवरात्रात गडावर लाखोंची रीघ लागते, पण घटासाठी माती कोणत्या वावरातून आणायची, याचा निर्णय घरातली आजीच घेते. ती ते वावर का निवडते, हे कोणी तिला विचारले आहे काय? या नोंदीही त्याच वहीत याव्यात.

एकच वही, दरवर्षी तीच वावरे, तेच खड्ड्यांचे ठिकाण. गावे पाच पुरेत. दोन डोंगरावरची, दोन मधली, एक पैनगंगेच्या काठची. वही ग्रंथालयात राहावी, शिक्षक बदलले, विद्यार्थी गेले तरी. पहिल्या वर्षीचे आकडे पुढील अंकात छापावेत, अशी संपादक मंडळाला सूचना आहे. जागा कमी पडत असेल तर प्रेमकविता दोन-चार कमी घेतल्या तरी चालतील.